एकच कॅलिबर, पण आकार जपून
छोट्या पिस्तुलासाठी .३८० आणि मोठ्यासाठी ९ मिमी अशी दोन कॅलिबर (गोळीच्या व्यासावरून ओळखले जाणारे काडतुसाचे प्रकार) ठेवावीत, या सूचनेशी मी सहमत नाही. दोन्ही गोळ्यांचा व्यास जवळजवळ सारखाच असला, तरी १९०२ सालच्या ९ मिमी पॅराबेलमची पुंगळी (काडतुसाचे धातूचे कवच) सुमारे १९ मिमी, तर १९०८ सालच्या .३८० एसीपीची सुमारे १७ मिमी लांब असते. त्यामुळे एकाची काडतुसे दुसऱ्यात वापरता येत नाहीत आणि डब्यांची अदलाबदल झाल्यास धोकाही संभवतो. छोट्या ग्लॉक २६ पिस्तुलात त्याहून मोठ्या ग्लॉक १९ चे मॅगझिन (काडतुसे भरायची पेटी) बसते, ही सोय रचनेबरोबरच कॅलिबरही एकच असल्यामुळे मिळते. मात्र त्याच काडतुसाचा धक्का हलक्या पिस्तुलात अधिक जाणवतो (नुसते हातात धरून हे कळत नाही), म्हणून मुठीवर करंगळीही टेकेल असाच आकार मी निवडेन.