पंचनामा : कर्ता कोण?

एका मराठी गुन्हेगारी मालिकेच्या गेल्या आठवड्यातील भागावर आमच्या परळच्या इमारतीत बरीच चर्चा झाली. पण ती खुनी कोण निघाला याविषयी कमी आणि एका वाक्याविषयी अधिक झाली. बंद खोलीत प्रेत सापडते, निरीक्षक एकटाच आत शिरतो, रुमालात धरून सुरी उचलतो, खिडकीतून खाली डोकावतो आणि दारातल्या शिपायाला सांगतो, "मी पंचनामा केलाय, बॉडी हलवा." या वाक्यात 'पंचनामा' हा शब्द योग्य अर्थाने आला आहे का, हा वादाचा मुद्दा होता.

तिसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंना त्यात काहीच खटकले नाही. त्यांच्या मते आजच्या मराठीत पंचनामा म्हणजे बारकाईची पाहणी. अतिवृष्टीनंतर पिकांचे पंचनामे होतात, २६ जुलै २००५ च्या पावसानंतर मुंबईत पाणी शिरलेल्या घरांचे झाले, आणि एखाद्या नाटकाची चिरफाड करणाऱ्या परीक्षणालाही आपण 'पंचनामा' म्हणतोच. महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलाचा आक्षेप निराळा होता : पंच म्हणजे पाच, मग खोलीत पाच माणसे हवी होती.

पाचांचा हिशेब आधी निकाली काढू. पंचायतीच्या मुळाशी पाचाची संख्या असली, तरी 'पंच' हा शब्द केव्हाच संख्येतून सुटून तिऱ्हाईत, निःपक्षपाती माणूस या अर्थावर स्थिरावला आहे. झडतीच्या वेळी त्या परिसरातील दोन किंवा अधिक स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी हजर असावेत, एवढीच कायद्याची अपेक्षा असते. 'नामा' हा फारसी शब्द असून त्याचा अर्थ लेख किंवा पत्र. करारनामा, जाहीरनामा, राजीनामा यांत तोच आहे, आणि संस्कृत 'नाम'शी त्याचा अर्थ जुळत नाही. म्हणजे पंचनामा हा पंचांचा लेख. क्रिकेटच्या मैदानावरचा पंच निर्णय देतो, पण हा पंच निर्णय देत नाही. त्याने फक्त पाहायचे आणि जे पाहिले त्याखाली सही करायची.

आमच्या इमारतीतील निवृत्त शिरस्तेदारकाकांनी याच ठिकाणी बोट ठेवले. पंचनाम्याची भाषा आठवा, असे ते म्हणाले : "आम्ही खाली सह्या करणारे पंच लिहून देतो की, आज रोजी पोलिसांनी आम्हांस बोलावल्यावरून..." वाक्याचा कर्ता 'आम्ही' आहे आणि तो 'आम्ही' पोलिसांचा नाही. त्यामुळे निरीक्षकाच्या तोंडचे 'मी पंचनामा केला' हे वाक्य पंचांची जागाच पुसून टाकते. मला स्वतःला 'पोलिसांनी पंचनामा केला' या प्रयोगात दोष दिसत नाही, कारण लिहून घेणारा हात पोलिसांचाच असतो. मात्र 'पंचांसमक्ष' हे पद उच्चारले नाही तरी ते गृहीत असले पाहिजे. त्या खोलीत ते गृहीत धरायलाही कोणी नव्हते. शिक्षिकाबाईंच्या पिकांच्या उदाहरणाचेही उत्तर यातच आहे, कारण नुकसानीच्या पंचनाम्याखालीही पंचांच्या सह्या असतात. परीक्षणाचा 'पंचनामा' तेवढा निव्वळ लाक्षणिक, आणि तो मला मान्य आहे.

बारा-चौदा वर्षांपूर्वी आमच्या जुन्या चाळीत घरफोडी झाली, तेव्हा मी पंच म्हणून उभा राहिलो होतो. हवालदारांनी आधी चतुःसीमा लिहिली : पूर्वेस सामाईक गॅलरी, पश्चिमेस भिंत, उत्तरेस शेजाऱ्यांची खोली, दक्षिणेस जिना. मग दाराकडे वळून त्यांनी 'पितळी कडी तुटलेली' असे लिहिले. दुसरे पंच शेजारचे आजोबा होते. ते म्हणाले, कडी लोखंडी आहे. हवालदार किंचित वैतागले, पण त्यांनी 'पितळी' खोडले, वर 'लोखंडी' लिहिले आणि खाडाखोडीशेजारी आम्हा दोघांच्या सह्या घेतल्या.

मालिकेच्या उत्तरार्धात हीच चूक अधिक महागात पडते. आरोपी ठाण्यात गुन्हा कबूल करतो आणि रक्ताचा सदरा कोठे लपवला ते सांगतो. निरीक्षक एकटाच जाऊन तो घेऊन येतो आणि सगळे खूश होतात. वास्तविक पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात पुरावा ठरत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे होते आणि आताच्या भारतीय साक्ष अधिनियमातही आहे. आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू सापडली तर त्या शोधाशी निगडित तेवढा भाग ग्राह्य धरला जातो आणि तो शोध पाहणारे पंच पुढे साक्षीला उभे राहतात. त्यातला एखादा फितूर झाला तर सरकार पक्ष अडचणीत येतो. इथे तर फितूर व्हायलाही कोणी नेलेला नाही. शिवाय १ जुलै २०२४ पासून झडती आणि जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण बंधनकारक आहे, पण भागभर कोणी त्यासाठी मोबाइलही बाहेर काढला नाही.

आमच्याच इमारतीतील एक मुलगी मालिकांचे संवाद लिहिते. तिने निमूटपणे सर्व ऐकून घेतले आणि मग विचारले की, या सगळ्यासाठी तिच्याकडे फार तर एक वाक्य आहे, तर ते कोणते? शिरस्तेदारकाकांनी सुचवले, "पंच आले का? मग लिहायला घ्या." वाक्य तिला आवडले, ते मूळ वाक्याइतकेच आटोपशीर असल्याचेही तिने मान्य केले, फक्त ते उच्चारल्यावर दारातून दोन माणसे आत यावी लागतील आणि त्या दोघांचे पैसे निर्मात्याकडून तिलाच मंजूर करून घ्यावे लागतील, असे ती म्हणाली.