सुट्या भागांच्या लष्करी बराकी आणि बंदर

प्रश्न:
अर्धगोल पत्र्याच्या लष्करी बराकींविषयी वाचताना एक शंका आली. कारखान्यात भाग तयार करायचे, जहाजाने बंदरात उतरवायचे आणि जागेवर जोडायचे, ही पद्धत कशी रुळली, आणि आकार असा अर्धगोलच का झाला? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १:
अर्धगोल बराकींच्या आधी लाकडी बराकी येतात, आणि त्यांच्यासाठी बालाक्लावा बंदराकडे पाहावे लागते. क्रिमियाच्या युद्धात, १८५४-५५ च्या हिवाळ्यात, ब्रिटिश फौजेसाठी बराकींचे सुटे भाग जहाजांनी तिथे पोहोचले. परंतु एकेका बराकीचे वजन दोन टनांहून अधिक, ओझ्याची जनावरे उपासमारीने मरत असलेली आणि वेढा घातलेल्या सेवास्तोपोल शहरासमोरच्या छावणीकडे जाणारा रस्ता चिखलाने भरलेला, त्यामुळे फळ्या बंदरातच अडकून पडल्या आणि छावणीत सैनिक तंबूंत कुडकुडत राहिले. १८५५ मध्ये बंदरापासून छावणीकडे रेल्वे टाकल्यावरच वाहतूक सुरळीत झाली. माझ्या मते खरा प्रश्न धक्क्यापासून पुढच्या काही मैलांचा होता.

प्रश्नकर्ता:
म्हणजे पुढच्या रचनाकारांनी वजनाचाच विचार प्रथम केला, असे म्हणता येईल का?

प्रतिसाद २:
निसन यांच्याबाबत तरी नक्कीच म्हणता येईल. पीटर निसन हे मूळचे खाण अभियंता. रॉयल इंजिनिअर्समध्ये, म्हणजे ब्रिटिश लष्कराच्या अभियंता दलात, असताना १९१६ मध्ये त्यांनी ही अर्धगोल पत्र्याची बराक तयार केली. पन्हळी पत्रा कमानीसारखा वाकवला की तोच भिंत आणि तोच छप्पर होतो, आणि वाकवलेले पत्रे एकात एक बसवून रचता येत असल्याने जागाही कमी लागते. कोणताही भाग दोघांना उचलता येईल इतकाच जड होता, आणि सहा माणसे चार तासांत बराक उभी करू शकत. राहणाऱ्याला मात्र वाकलेल्या भिंतीला कपाट टेकवता येत नसे. ही अडचण किरकोळ मानू नये, कारण पुढे याच रचनेत कुटुंबे राहिली.

प्रतिसाद ३:
त्या कुटुंबांविषयी थोडी भर घालतो. अमेरिकी नौदलाने १९४१ मध्ये ऱ्होड आयलंडमधील क्वॉन्सेट पॉइंट येथे निसनच्या धर्तीवर नवी बराक तयार करवून घेतली. तिचे नावही त्या ठिकाणावरूनच पडले. आधीचा आकार १६ बाय ३६ फूट, नंतरचा २० बाय ४८ फूट. युद्ध संपल्यावर लॉस एंजेलिसमध्ये घरांची तीव्र टंचाई झाली, तेव्हा १९४६ मध्ये ग्रिफिथ पार्कमध्ये माजी सैनिकांसाठी अशा सुमारे ७५० बराकींची वसाहत उभारण्यात आली आणि तिला रॉजर यंग या युद्धात मरण पावलेल्या सैनिकाचे नाव देण्यात आले. प्रत्येक बराकीच्या मधोमध भिंत घालून दोन कुटुंबांची सोय केली होती.