घर कुठे घ्यावे: नावाजलेल्या शाळेजवळ की कामाच्या जवळ?

प्रश्न:
आम्ही दोघेही नोकरी करतो आणि मुलगी पुढच्या वर्षी पहिलीत जाईल. घरासाठी दोन उपनगरे विचारात आहेत. एकातल्या शाळेचा निकाल दरवर्षी उत्तम लागतो, पण तिथून आम्हा दोघांनाही कामावर पोहोचायला सव्वा तास लागेल. दुसरे कामापासून वीस मिनिटांवर आहे, मात्र तिथल्या शाळेचे नाव फारसे कुणाच्या तोंडी नाही. मुलीच्या शिक्षणात तडजोड नको, असे दोघांनाही वाटते. कशाला अधिक महत्त्व द्यावे?

उत्तर १:
मी प्राथमिक शाळेत शिकवते, म्हणून आग्रहाने सांगते की केवळ निकालावर जाऊ नका. अमेरिकेत १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या कोलमन अहवालात असे आढळले होते की विद्यार्थ्यांच्या यशातील फरकांमागे शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा घरच्या पार्श्वभूमीचा वाटा मोठा असतो. तेव्हा उत्तम निकाल हा पुष्कळदा त्या शाळेत कोणत्या घरांतली मुले येतात, याचाच निकाल असतो. जिचे नाव कुणी घेत नाही, त्या शाळेत स्वतः जाऊन या. दुसरीच्या चार वह्या पाहायला मागा: चुकलेल्या शब्दावर नुसती लाल रेघ आहे, की शेजारी बरोबर शब्द लिहून मुलाकडून तो पुन्हा लिहून घेतला आहे, एवढ्यावरून शिकवण्याची तऱ्हा बरीचशी कळते. वर्गाचा पट आणि शिक्षक किती वर्षे टिकतात, हेही विचारा.

उत्तर २:
सव्वा तास हा नकाशावरून काढलेला अंदाज असेल, तर कामाच्या दिवशी, गर्दीच्या वेळी, दारापासून दारापर्यंत एकदा प्रत्यक्ष जाऊन पाहा आणि परतीचा प्रवासही त्याच दिवशी करा. लांबच्या घराच्या मोबदल्यात काहीतरी चांगले मिळते, म्हणून माणसे प्रवास पत्करतात. परंतु ब्रूनो फ्राय आणि अलोइस स्टुट्झर या अर्थशास्त्रज्ञांना जर्मनीतील माहितीत असे दिसले की प्रवासाचा वेळ वाढतो तसे आयुष्याविषयीचे समाधान कमी होते, म्हणजे ती भरपाई पुरेशी होत नाही. तुमच्या बाबतीत मला अधिक काळजी वाटते ती दोघेही एकाच वेळी दूर असण्याची. दुपारी शाळेतून मुलीला ताप आल्याचा फोन आला, तर तिच्यापर्यंत तासाभरात पोहोचणारे कोण आहे? आणि संध्याकाळी थकून घरी आल्यावर तिला जवळ घेऊन वाचून दाखवण्याइतके त्राण उरणार नसेल, तर शिक्षणातली तडजोड तिथेच होते.

उत्तर ३:
वरच्या दोन्ही मतांशी मी बव्हंशी सहमत आहे, पण नोकऱ्या बदलतात आणि शाळा मात्र सहसा अनेक वर्षे तीच राहते, हेही लक्षात घ्या. जवळच्या उपनगरातली शाळा कितवीपर्यंत आहे आणि पुढच्या वर्गांसाठी कुठे जावे लागेल, हे आधी पाहा. शक्य असल्यास तिथे प्रथम भाड्याने राहा आणि मुलीचे पहिलीचे वर्ष पार पडल्यावरच कर्जाचा विचार करा.