प्रार्थना रोज होते, पण देवाशी बोलणं होत नाही

रात्रपाळी
सर्वांना सलाम. लहानपणापासून ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) आहे, बाप्तिस्मा झालेला आहे, उपासना सहसा चुकत नाही. तरी देवाशी जवळीक वाटत नाही. माझी प्रार्थना म्हणजे अर्ज वाचून दाखवावा तशी: आईचं दुखणं, मुलाची परीक्षा, नवऱ्याची नोकरी, आमेन. वर्षभरात सगळं पवित्र शास्त्र वाचायचं म्हणून मोबाइलवर योजना घेतली आहे. 1189 अध्याय, म्हणजे दिवसाला तीनाहून जास्त. सध्या ‘गणना’ हे पुस्तक चालू आहे. खूण करते, पुढे जाते, आणि काय वाचलं ते दुपारपर्यंत आठवत नाही. मंडळीत साक्ष देताना, म्हणजे विश्वासाचा अनुभव सांगताना, लोक म्हणतात, प्रभू माझ्याशी बोलला. माझ्याशी कधीच बोलला नाही. माझ्या विश्वासातच काही कमी आहे का?

पहाटपक्षी
पहाटे उठा. येशूही अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थनेला गेला (मार्क 1:35). शिस्त लागली की बाकीचं आपोआप येतं.

रात्रपाळी
दादा, पहाटे मी कामावरून परत येत असते.

जुनी_शिक्षिका
मग पहाट सोडा. वेळ कुठलीही चालेल, फक्त त्या वेळी तुम्ही जाग्या असायला हव्यात.

ताई, मागण्यांची यादी वाईट नाही. जुन्या करारातल्या हन्नाने मूलच मागितलं होतं. ओठ हलत होते, आवाज नव्हता, आणि एली याजकाला वाटलं बाई प्यायली आहे. पण तिने मागताना आपलं दुःखही देवापुढे ओतलं. तुम्ही आईचं दुखणं सांगता, पण त्या दुखण्याची तुम्हाला वाटणारी भीती सांगता का? आईची चिडचिड होते तेव्हा येणारा राग? तो यादीत नसणार. आपण देवासमोर उगाच नीटनेटके होऊन बसतो.

स्तोत्रसंहिता, म्हणजे शास्त्रातलं स्तोत्रांचं पुस्तक, नीटनेटकी नाही. तेरावं स्तोत्र उघडा. सहाच ओव्या, आणि सुरुवातीलाच चार वेळा ‘कुठवर’! हा माणूस देवाला सरळ विचारतो, मला विसरलास का? शेवटी तो भरवशावर येतो, पण आधी तक्रार पूर्ण करतो. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रात तर तेवढंही वळण नाही, ते अंधारातच संपतं. तरी ते शास्त्रात ठेवलं आहे. मला याचा फार आधार वाटतो.

माझे यजमान गेल्यानंतर स्वतःचे शब्द आटले होते. येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हणायला लागले की ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ इथे अडकायचे. पुढे जाववत नसे. मग तिथेच थांबायचे आणि म्हणायचे, प्रभू, हे मला आज म्हणता येत नाही. बरेच दिवस माझी प्रार्थना एवढीच होती. रोमकरांस पत्रात (8:26) म्हटलंय की कशी प्रार्थना करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा पवित्र आत्मा स्वतः आपल्यासाठी विनंती करतो. त्या काळात तेवढ्यावर टिकले.

योजना सध्या बाजूला ठेवा. आठवडाभर एकच स्तोत्र, मोठ्याने. जी ओळ टोचेल तिथे थांबा आणि तीच तुमच्या शब्दांत त्याला सांगा. ‘प्रभू बोलला’ हे ऐकून स्वतःला मोजू नका. काही जण हे वाक्य फारच सहज वापरतात, असं माझं मत.

साधा_माणूस
योजना पूर्ण सोडू नये असं मला वाटतं. आवडती स्तोत्रंच वाचत राहिलो तर आपल्याला पटणारा देवच तेवढा भेटतो. गणनाही लागते, फक्त घाई नको.

मी कॅथलिक आहे. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस (1491–1556) यांनी शिकवलेली दिवसाची उजळणी मी झोपण्याआधी करतो: आज कशाबद्दल आभार, कुठे देवाच्या जवळ होतो, कुठे तोंड फिरवलं, त्याबद्दल क्षमा, आणि उद्यासाठी कृपा. दहा-पंधरा मिनिटं पुरतात. यात माणसं फार येतात. भावाशी अबोला होता तेव्हा रोज तिथेच गाडी अडायची. मत्तय 5 मध्ये येशू सांगतो की अर्पण वेदीपुढे ठेवून आधी भावाशी समेट करायला जा. शेवटी फोन केला. त्याआधी मी किती प्रार्थना टाळल्या, तो विषय वेगळा.

रात्रपाळी
दोघांचेही आभार. पण शांत बसले की मन वॉर्डात जातं. कुणाचं सलाईन संपत आलं असेल, कुणाला सांगायचं राहिलं. त्याचं काय करायचं?

जुनी_शिक्षिका
मन जिथे जातं तिथूनच बोला. ते सलाईन, तो रुग्ण, राहिलेलं काम, सगळं त्याला सांगा. मनाला ओढून परत आणण्यातच अर्धा वेळ जातो.

रात्रपाळी
तेरावं घेऊ की अठ्ठ्याऐंशीवं?

जुनी_शिक्षिका
तेरावं. अठ्ठ्याऐंशीवं पहिल्यांदा एकटीने वाचू नका, मंडळीतलं कुणीतरी विश्वासाचं सोबत घ्या.