मदत हवी आहे: एओएचं सभासदत्व कसं मिळवायचं? (तातडीचं)

केतकी_न: अमेरिकेतल्या रेसिडेन्सीसाठी (तिथलं पदव्युत्तर प्रशिक्षण) एरासचा ऑनलाइन फॉर्म भरतेय. त्यात अल्फा ओमेगा अल्फा (एओए) या मेडिकलवाल्यांच्या मानाच्या सोसायटीचा रकाना आहे. मला सगळ्या वर्षांना डिस्टिंक्शन, फिजिऑलॉजीत विद्यापीठाचं सुवर्णपदक. अर्ज कुठे करायचा, फी किती? कॉलेजात फोन केला तर क्लार्क म्हणतो, "साहेब रजेवर आहेत." "गूगल करा" म्हणू नका, केलंय.

शिकागोचा_बाळू: कॉलेज कुठलं? ब्रँच? स्टेप टू (अमेरिकेच्या लायसन्स परीक्षेचा दुसरा टप्पा) झाली का?

केतकी_न: इंटर्नल मेडिसिन. त्याचा काय संबंध?

शिकागोचा_बाळू: कॉलेज??

निवांत: एओए आमच्या शिकागोचीच बरं का. १९०२ साली विल्यम रूट या विद्यार्थ्याने वर्गातल्या टवाळखोरीला वैतागून काढली.

मंजिरी_डॉक: एओए राहू दे, गोल्ड ह्युमॅनिझम सोसायटी बघ. २००२ पासून आहे. त्यात मार्कांपेक्षा पेशंटशी कसं वागता ते बघतात, नावं वर्गमित्रच सुचवतात. मी आहे त्यात.

पुणेरी_स्टेथो: म्हणजे वर्गात लाडकं कोण त्याची निवडणूक! एओएला निदान वर्गातल्या वरच्या पाव हिश्श्यात असावं लागायचं.

मंजिरी_डॉक: आणि त्या पाव हिश्श्यातून कोणाला उचलायचं ते कोण ठरवायचं? २०१७ चा अभ्यास वाचा. कृष्णवर्णीय आणि आशियाई मुलांची निवड गोऱ्यांपेक्षा कमी होत होती. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय मेडिकल कॉलेजने २०१८ मध्ये एओएसाठी विद्यार्थ्यांची निवड थांबवली ती उगाच नाही.

अण्णा_सातारकर: इथेच एमडी करा. आमच्या तालुक्याला फिजिशियन नाही.

पुणेरी_स्टेथो: अण्णा, पाककृतीच्या धाग्यावरही तुम्ही हेच लिहिता.

केतकी_न: भारतातलंच हो, सरकारी कॉलेज. एमबीबीएस झालंय म्हटल्यावर कळतंच की.

शिकागोचा_बाळू: एमबीबीएस हा शब्द तुझ्या पोस्टमध्ये कुठेच नाही, ताई. असो. एओएला अर्ज करून घुसता येत नाही. कॉलेजातली शाखा निवड करते, आणि आपल्याकडच्या कॉलेजांत शाखाच नाहीत. मी फॉर्म भरला तेव्हा 'माझ्या कॉलेजात शाखा नाही' असा पर्याय होता, तोच निवडला. इंटरव्ह्यूला कोणी अवाक्षर काढलं नाही. सुवर्णपदक पुरस्कारांत टाक, पण नुसतं 'गोल्ड मेडल' नको. अख्ख्या विद्यापीठात त्या विषयात पहिली, असं सरळ लिही, नाहीतर त्यांना कळत नाही. स्टेप वन २०२२ पासून नुसती पास-नापास झालीये, म्हणून स्टेप टूचं विचारतोय.

मंजिरी_डॉक: रेसिडेंट झाल्यावर तिथल्या शाखेकडून निवड होऊ शकते, दोन्हीकडे.

केतकी_न: मग मला 'अभिनंदन, आपली निवड झाली' असा मेल आलाय तो काय? दुसरीच सोसायटी आहे, आधी डॉलर भरा म्हणतायत.

पुणेरी_स्टेथो: दमडी देऊ नका. आधी पैसे, मग सन्मान!

सुहास७२: आयएमएचं आजीव सभासदत्व घ्या, कायम कामी येतं.

केतकी_न: काका, ते नाही विचारलं.

वऱ्हाडी_बाप्या: इथंच विचारून घेतो. जे-१ व्हिसावर गेलं तर बायकोला नोकरी करता येते का?

शिकागोचा_बाळू: वर्क परमिट काढलं की येते. पण वेगळा धागा काढा राव.