खुल्या पाण्यात पोहणाऱ्यांनो, तुमचे अनुभव लिहा

मिहिर सेन १९५८ मध्ये इंग्लिश खाडी पोहून गेले, पुढच्याच वर्षी आरती साहा. पुण्याच्या रोहन मोरे यांनी २०१८ मध्ये सात खाड्यांचं 'ओशन्स सेव्हन' पूर्ण केलं. हे आपल्याला पाठ असतं. पण टँकमधला माणूस पहिल्यांदा समुद्रात उतरतो तेव्हा त्याला नक्की काय माहीत असायला हवं, हे विचारलं की सगळे "अनुभवाने कळतं" म्हणून मोकळे होतात. तर ते अनुभव इथे लिहा. पदकांचे फोटो नसले तरी चालतील. नदी, तलाव, खाडी, समुद्र काहीही चालेल. होडीत बसणाऱ्यांनीही लिहावं, त्यांना कुणी विचारतच नाही.

खाडीकर

रायगडातलं धरमतर ते मुंबईचं गेटवे, साधारण ३६ किमी. लोक विचारतात, किती वेळ लागला? मी म्हणतो, आधी विचारा सुरुवात कधी केली. ओहोटीवर खाडीबाहेर पडायचं आणि पुढे भरती धरायची, सगळा खेळ यावर. वेळ चुकली की मुंबईचे दिवे समोर दिसत राहतात आणि तास तास जवळ येत नाहीत. हात तोच, दम तोच, पाणी मात्र तुम्हाला जागेवर धरून ठेवतं.

आमच्या होडीवरचे तांडेल काका मोबाइलवर भरतीचा तक्ता बघत नसत. अमावास्या-पौर्णिमेला मुंबईत भरती बाराच्या सुमारास, पुढे रोज पाऊण तास उशिरा. म्हणजे अष्टमीला सहाच्या आसपास. तिथी सांगा, काका वेळ सांगणार. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी कमी चढतं आणि कमी ओढतं. सरावाला ते दिवस बरे. उधाणाच्या दिवसांत नवख्याने खाडीच्या तोंडाशी जाऊच नये.

आणि बंदराचं पाणी. हात आत घातला की पंजाही दिसत नाही. रात्री बोटांना काहीतरी मऊ गुंडाळलं जातं, जेलीफिश म्हणून दचकावं तर प्लास्टिकची पिशवी. दहा वेळा पिशवी निघते आणि अकराव्यांदा खरंच जेलीफिश. जवळून मोठी बोट गेली की तोंडात डिझेलची चव कितीतरी वेळ राहते.

होडीतली आई

तुम्ही लिहायला सांगितलंत म्हणून. मुलगी पोहते, मी होडीत. स्पर्धेत होडीला हात लावला की बाद, म्हणून बाटली दोरीला बांधून टाकायची. ती उताणी होऊन पिते, मी दोरी ओढून घेते. अर्ध्या मिनिटाचं काम. पण त्या अर्ध्या मिनिटात मला तिचे ओठ बघायचे असतात, आणि ती नीट उत्तर देते का तेही. "आई, केळं नको" असं चिडून म्हणाली की माझा जीव भांड्यात पडतो. नुसतं "हं" आलं की मी प्रशिक्षकांकडे बघते.

एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती. काखेत, मानेला, मांड्यांना व्हॅसलिन आणि लॅनोलिन चोपडतात, नाहीतर खारट पाण्यात कातडी सोलवटते. ते चोपडणाऱ्याने हातमोजे घालावेत आणि पोहणाऱ्याने स्वतः अजिबात हात लावू नये. तेलकट बोट गॉगलच्या काचेला लागलं की तो डाग मधल्या पाण्यात कशानेही निघत नाही. लांबच्या अंतरात मिठाने जीभही सुजते, मग गोड खाऊनही चव लागत नाही. साधी चूळ भरायला पाणी वेगळं ठेवा.

डोव्हरहून परत

मी रिलेतला, एकट्याने इंग्लिश खाडी पार करणाऱ्यांच्या पंगतीत बसायची माझी लायकी नाही. सहा जण, प्रत्येकी एक तास, क्रम ठरलेला आणि शेवटपर्यंत तोच. कुणी क्रम मोडला किंवा तास पूर्ण केला नाही की सगळ्यांचा प्रयत्न संपला. ऊब देणारा रबरी वेटसूट चालत नाही. साधा पोशाख, एक टोपी, गॉगल.

पुण्यात थंड पाणी आणायचं कुठून? ड्रममध्ये बर्फाच्या लाद्या टाकून बसायचो, सोसायटीतली मुलं बघायला यायची. त्याचा उपयोग होतो, पण ड्रममध्ये तुम्ही बसलेले असता. डोव्हरच्या बंदरात १६ अंशांच्या पाण्यात तोंड घातलं तेव्हा कपाळ असं दुखलं की श्वास सोडायचाच राहिला. पहिली पाच मिनिटं फक्त श्वास बाहेर सोडण्यावर लक्ष द्या, वेग गेला चुलीत.

माझा एक तास रात्रीचा होता. पोशाखाला मागे हिरवी दिव्याची कांडी, बाजूला बोटीचा धूर. पाण्यात मी ठीक होतो. बोटीवर बसल्यावर उलट्यांनी हैराण. रिलेत थंडीपेक्षा बोट लागणं जास्त छळतं, निदान आमच्या संघाचं तसं झालं.

बाहेर आल्यावर लगेच गरम शॉवर घेऊ नका. थंडी खरी भरते ती बाहेर आल्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी, कारण हातापायांतलं गार रक्त आत परततं. आधी अंग कोरडं, टोपी, थरावर थर कपडे, कोमट गोड काहीतरी.

सांगलीकर

आम्ही कृष्णेतले. पाठीला डबा बांधून विहिरीत ढकललं, मग घाटावर. समुद्रवाल्यांना भरतीचा अभ्यास, आम्हाला धरणाचा: वरून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की पोहणं बंद. नदी आडवी पार करताना समोरच्या घाटाकडे तोंड करून गेलात तर खाली वाहत जाऊन भलत्याच ठिकाणी लागता. वरच्या अंगाला नेम धरायचा.

बंगालात मुर्शिदाबादच्या भागीरथीतल्या ८१ किमी स्पर्धेला मित्राबरोबर गेलो होतो. काठावर दुतर्फा माणसंच माणसं, आपल्याकडे कुस्तीच्या फडाला असतात तशी. पोहण्याला एवढी गर्दी मी दुसरीकडे पाहिली नाही.

नवखी, गोवा

पन्नाशीनंतर शिकले. स्पर्धेच्या सुरुवातीच्या गर्दीत कुणाची तरी लाथ बसली आणि छाती धडधडायला लागली. एक काका शेजारून म्हणाले, "ताई, उताण्या व्हा, आकाश बघा, घाई कोणाला आहे?" तेच केलं. आता मी मुद्दाम सगळ्यात मागून, कडेने सुरू करते.

एक प्रश्न: लाटा फुटत नाहीत अशी शांत जागा बघून उतरावं ना?

खाडीकर

ताई, नाही! दोन्हीकडे लाटा फुटतायत आणि मध्येच एक गुळगुळीत पट्टा दिसतो, तिथूनच पाणी खोल समुद्राकडे ओढलं जात असतं. सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका. किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर पडा, मग लाटांबरोबर किनाऱ्याला या. आणि लाल बावटा असला की विषय संपला.

आठवीतल्याचा बाबा

मुलगा टँकमध्ये दोन किलोमीटर सहज जातो. डिसेंबरात मालवणला चिवला बीचवरच्या स्पर्धेत उतरवू का?

मालवणी

दोन किलोमीटर जाता म्हणून दोन किलोमीटरात घालू नकात, पहिल्या वर्षी त्याच्या गटातलं लहान अंतर द्या. दिवाळीनंतर कुणा जाणत्याबरोबर समुद्रात सराव, भडक टोपी, कमरेला हवेचा फुगा. त्याला मान वर काढून बघायला शिकवा, टँकमध्ये तळाला रेघ असते, इथे नाही. माझ्या चुलत्याने शिकवलेलं: "माडाक आणि देवळाच्या कळसाक एका रेषेत धर, रेष फुटली काय तू वाहवलंस." स्पर्धेत वाट दाखवणाऱ्या तरंगत्या बोया असतात, पण लाटेत त्या दिसत नाहीत, माड दिसतो.

आणि आदल्या रात्री मालवणात पोचलात तर पोराला साधा वरणभात द्या. तिखट सुक्यासकट जेवण दुसऱ्या दिवशी दुपारी. माझ्याकडे याच, पण आधी फोन करा, बाजार सकाळी लवकर संपतो.