अनुभव धागा: घरी माणूस ठेवलं, पैसे कुणी किती भरले?

कोथरूडकरीण: माळा आवरताना आईच्या आजारपणातली हिशेबाची वही सापडली. मावशी रात्रपाळी, ब्युरोचं कमिशन, बदली बाई, खाडे. आम्हा भावंडांत वाटणी पगाराप्रमाणे होती. निम्मा खर्च दादाचा, उरलेला मी आणि धाकटा मिळून. वहिनी रात्ररात्र जागली, ते वहीत कुठेच नाही. तुमच्याकडे कसं ठरलं?

नानाची_टांग: ठरतंय कुठे! म्हातारं ज्याच्या घरात, खर्च त्याच्या खिशातून. बाकीचे व्हिडिओ कॉलवर "काळजी घ्या हं".

चकलीवाली: +१ नाना 😂

लेस्टरकर: इंग्लंडात कौन्सिल (म्हणजे तिथली नगरपालिका) आधी गरज बघते, मग पैसे. बचत २३,२५० पौंडांच्या वर असेल तर सगळं स्वतःच भरा. १४,२५० च्या खाली असेल तर बचतीला हात लावत नाहीत, पण पेन्शन मोजतात. सासरे धास्तावले होते, घर विकावं लागतंय की काय! पण सेवा घरीच घ्यायची तर राहतं घर धरत नाहीत. अटेंडन्स अलाउन्स, म्हणजे मदत लागणाऱ्या म्हाताऱ्यांचा सरकारी भत्ता, जरूर मागा, त्याला उत्पन्नाची अट नाही. कौन्सिल मात्र तो उत्पन्नात धरू शकते. म्हणजे या हाताने दिलं, त्या हाताने...

ग्लासगोचा_बंड्या: स्कॉटलंडला या काका. ६५ च्या पुढे अंघोळ-कपड्यांची मदत २००२ पासून फुकट, उत्पन्न कितीही असो. झाडलोटीचे पैसे लावू शकतात. थंडी तेवढी सोसा.

सांगलीची_सई: आयुष्मान कार्ड चालतं का हो यात? सासूबाई ७० च्या पुढे आहेत.

नानाची_टांग: नाही ताई. ते ५ लाख दवाखान्यात भरती झाल्यावर. घरच्या बाईचा पगार त्यात नाही.

सांगलीची_सई: वाटलंच. आत्याला श्रावणबाळचे महिना १५०० येतात. त्यालाही वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला लागतो. एवढ्यात बाई ठेवायची? डायपरही भागत नाहीत. मीच करते सगळं. थांबा, कुकरची शिट्टी झाली.

मेलबर्नकर: इथे म्हाताऱ्यांच्या घरच्या सेवेला नोव्हेंबर २०२५ पासून नवी पद्धत. नर्सचे पैसे घेत नाहीत, पण साफसफाई-बागकामात सरकारची पूर्ण वृद्धापकाळ पेन्शन मिळणाऱ्याला १७.५ टक्के भरावे लागतात आणि श्रीमंताला ८० पर्यंत. बाबा म्हणाले, "बाग मीच खणतो."

चकलीवाली: बाबा भारी! सई, डायपर घाऊक दुकानातून घे गं, बराच फरक पडतो.

सांगलीची_सई: कमरेचं माप बघून घ्यायचे की वजन?

कोथरूडकरीण: कमरेचं. आणि पहिल्यांदा एकच पाकीट आण, घट्ट झालं तर बदलून देत नाहीत.